दानाकडून कारभारीपणाकडे : पंडिता रमाबाईंचे जीवन

१

पंडिता रमाबाई सरस्वती (१८५८–१९२२) यांच्या चरित्राचा विचार मराठीत प्रामुख्याने दोन अंगांनी झालेला आहे. स्त्रीशिक्षण आणि विधवांचा उद्धार या कार्यातील अग्रणी हे त्यांचे एक रूप; धर्मांतर आणि त्यातून उसळलेला वाद यांच्या केंद्रस्थानी असलेली विदुषी हे दुसरे. या दोन रूपांच्या आड त्यांच्या जीवनातील एक तिसरा धागा सहसा झाकला जातो. तो द्रव्याचा आहे. जिला माहेर उरले नव्हते, सासरचा आधार नव्हता आणि ज्ञातीने जिला आपली मानले नव्हते, अशा एका स्त्रीने १८८९ पासून १९२२ पर्यंत, म्हणजे तेहतीस वर्षे, निराधार स्त्रियांच्या संस्था चालविल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांच्या आश्रयाला दीड-दोन हजार माणसे होती. त्यांच्या अन्नवस्त्राचा पैसा कोठून आला, कोणत्या अटींवर आला आणि तो मुळात कोणाचा आहे असे रमाबाई मानीत होत्या, हे प्रश्न त्यांच्या चरित्रात गौण नाहीत. त्यांच्या आयुष्यातील बहुतेक निर्णायक प्रसंग याच प्रश्नांभोवती घडलेले आहेत.

ख्रिस्ती धर्मविचारात औदार्य हा सद्गुण एकटा येत नाही; त्याच्या जोडीला हिशेब येतो. माणसाजवळ जे काही आहे ते त्याच्या मालकीचे नसून देवाने त्याच्या हवाली केलेले आहे, आणि एक दिवस त्याचा जाब द्यावयाचा आहे, अशी ही कल्पना आहे. परदेशी जाताना चाकरांच्या हाती द्रव्य सोपविणाऱ्या धन्याचा येशूचा दृष्टांत हेच सांगतो. मराठी बायबलात अशा विश्वासू चाकरासाठी कारभारी हा शब्द योजलेला आहे. मराठी मुलखाला हा शब्द नवा नव्हता. संस्थानाचा, देवस्थानाचा किंवा वाड्याचा कारभारी लोकांच्या नित्य परिचयाचा होता. किल्ल्या त्याच्या कमरेला असत, पण कोठी त्याची नसे. सढळ हाताने खर्च करण्याचा अधिकार आणि पैपैचा जाब देण्याचे बंधन या दोन्ही गोष्टी या एका शब्दात सामावलेल्या आहेत.

रमाबाई ज्या घरात जन्मल्या तेथे दानाची थोर परंपरा होती. पुण्यासाठी दिलेल्या त्या दानाकडून हिशेब मागणाऱ्या या कारभारीपणाकडे त्यांची वाटचाल कशी झाली, आणि तिची किंमत कोणी दिली, हे त्यांच्या चरित्राच्या आधारे पाहता येते.

२

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, वेदशास्त्रसंपन्न आणि वृत्तीने वैष्णव होते. तरुणपणी पुण्यात अध्ययन करीत असता पेशव्यांच्या वाड्यात एका स्त्रीला संस्कृताचे शिक्षण मिळत असल्याचे त्यांच्या पाहण्यात आले आणि आपल्या पत्नीलाही असेच शिकवावे असा त्यांनी निश्चय केला. दुसऱ्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या बाबतीत तो त्यांनी तडीस नेला. त्यासाठी त्यांना धर्ममार्तंडांसमोर आपली बाजू शास्त्राधाराने मांडावी लागली. पुढे त्यांनी सह्याद्रीच्या घाटात, गंगामूळच्या अरण्यात बिऱ्हाड केले. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

गंगामूळचे घर म्हणजे आश्रमच होता. विद्यार्थी येत, यात्रेकरू येत, अतिथी येत. कोणाला विन्मुख पाठविले जात नसे. या आतिथ्यापायी अनंतशास्त्री कर्जात बुडाले. जमीनजुमला गेला, आणि रमाबाई अवघ्या काही महिन्यांच्या असताना सारे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. त्यानंतर देवळांच्या ओवऱ्यांत, नदीच्या घाटांवर पुराण सांगावे, श्रोते जे अर्पण करतील त्यावर गुजराण करावी, आणि उरेल ते पुन्हा देवाब्राह्मणांना द्यावे, असा वर्षानुवर्षांचा क्रम झाला. या भटकंतीतच लक्ष्मीबाईंनी आपल्या मुलीला संस्कृत शिकविले. पंधरा-सोळा वर्षांच्या वयात रमाबाईंना हजारो श्लोक मुखोद्गत होते.

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातील दुष्काळाने या कुटुंबाला गाठले. जवळचे दागिने आणि रुप्याची, तांब्यापितळेची भांडी विकली गेली. आलेला पैसाही देव प्रसन्न होऊन संकट टळावे म्हणून दानधर्मात खर्च झाला. अंगमेहनतीची कामे करण्याची सवय नव्हती, ब्राह्मण्याला ते शोभत नाही अशी समजूत होती, आणि भीक मागण्याची लाज होती. रानातील पाला खाऊन दिवस काढण्याची वेळ आली. वृद्ध आणि दृष्टी गेलेल्या अनंतशास्त्र्यांनी जलसमाधी घेण्याचे ठरविले होते. त्या वेळी मुलाने मजुरी करण्याची तयारी दाखवून त्यांना परावृत्त केले. पण ते फार दिवस जगले नाहीत. काही आठवड्यांतच लक्ष्मीबाईही गेल्या. त्यांच्या प्रेताला खांदा द्यायला पुरेशी माणसे मिळाली नाहीत. रमाबाई उंचीने लहान, म्हणून चौथ्या कोपऱ्याचा भार त्यांना खांद्याऐवजी डोक्यावर घ्यावा लागला. पुढे थोरली बहीणही वारली. श्रीनिवासशास्त्री आणि रमाबाई ही भावंडे तेवढी उरली.

हा वृत्तांत रमाबाईंनी धर्मांतरानंतर कित्येक वर्षांनी लिहिला आहे. त्यामुळे त्यातील जुन्या आचारधर्मावरील टीका काही अंशी नंतरच्या दृष्टीतून आलेली आहे हे ध्यानात ठेवले पाहिजे. तथापि घटनाक्रमाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. सढळपणे देणाऱ्या माणसाचे कुटुंब देता देताच उपासमारीने मेले, हा अनुभव त्यांच्या मनातून कधीही गेला नाही. औदार्य हा गुण आहे, पण ज्यांचे पोट आपल्यावर अवलंबून आहे त्यांच्यासाठी कोठीत काय उरले, हा प्रश्न विचारल्यावाचून केलेले औदार्य कोणाच्या तरी जिवावर बेतते, हे त्यांनी विचार करून शिकण्याआधी भोगले होते.

त्याच वडिलांनी आणखी एक देणगी दिली होती. स्त्रीला नाकारलेली विद्या त्यांनी घरातील स्त्रियांना दिली. त्या देण्यात पुण्याचा लाभ नव्हता. उलट लोकनिंदा होती. भांडी, दागिने, जमीन सारे संपले. ही एक ठेव मात्र टिकली. १८७८ मध्ये कलकत्त्यातील पंडितांनी याच विद्येची परीक्षा घेऊन रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या.

३

१८८० मध्ये श्रीनिवासशास्त्री वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या शूद्र मानल्या गेलेल्या जातीतील बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा ही कन्या झाली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत बिपिनबिहारींना मृत्यू आला. तेविसाव्या वर्षी विधवा झालेल्या रमाबाई लहानग्या मुलीला घेऊन पुण्यास आल्या. येथे त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली, हंटर आयोगापुढे साक्ष दिली आणि ‘स्त्रीधर्मनीती’ हे मराठी पुस्तक लिहिले.

‘स्त्रीधर्मनीती’चे महत्त्व वाङ्मयीन इतिहासात वेगळे आहे, येथे त्याचा आर्थिक उपयोग लक्षात घ्यावयाचा आहे. १८८३ मध्ये इंग्लंडला जाण्याचा खर्च रमाबाईंनी मुख्यतः या पुस्तकाच्या विक्रीतून केला. वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या भगिनीसंघाकडे त्या उतरल्या, तेव्हाही तेथे येणाऱ्या भगिनींना मराठी शिकवावे आणि त्या मोबदल्यात राहण्याजेवण्याची व्यवस्था व्हावी असा करार होता. कोणाच्या उपकाराखाली जायचे नाही, ही दक्षता त्यांच्या तरुणपणापासूनची आहे.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई व मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला. या निर्णयामागे जे अनेक धागे आहेत त्यांपैकी एक प्रस्तुत विषयाशी थेट निगडित आहे. लंडनच्या फुलम भागात वाँटेजच्या भगिनी समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी एक आश्रम चालवीत असत. ज्यांना हिंदुस्थानात आणि इंग्लंडातही कोणी दारात उभे केले नसते अशा स्त्रियांची सेवा तेथे आदराने होत होती. रमाबाईंनी आजवर पाहिलेले दान प्रायः वरच्या पायरीकडे जात असे. ते देवाला, ब्राह्मणाला, गुरूला दिले जाई, आणि घेणारा श्रेष्ठ मानला जाई. येथे देणे खालच्या पायरीकडे वाहत होते. योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांनी याच संदर्भात वाचली.

मात्र नव्या धर्मातही देणगीबरोबर दोरी येते हे त्यांना लवकरच कळून आले. भगिनी जेराल्डिन या त्यांच्या धर्ममातेची अशी अपेक्षा होती की आश्रय आणि शिक्षण दिलेल्या शिष्येने धर्मसिद्धांतांच्या बाबतीत चर्चच्या अधिकाऱ्यांचा शब्द मानावा. चेल्टनहॅम येथे रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याचा प्रश्न निघाला तेव्हा काही बिशपांनी हरकत घेतली. त्या काळच्या पत्रव्यवहारात रमाबाईंची भूमिका ठाम दिसते. मिळालेल्या मदतीबद्दल त्यांनी कृतज्ञता नाकारली नाही, पण सदसद्विवेकबुद्धी ही कोणत्याही उपकाराच्या बदल्यात गहाण पडू शकत नाही, असे त्यांनी निक्षून कळविले. देणारा मनुष्य स्वतःही कारभारीच असेल, तर त्याने दिलेल्या वस्तूवर तो मालकी कशी सांगणार, हा पेच त्या वादाच्या तळाशी होता.

४

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाच्या निमित्ताने रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे तेथे राहिल्या. त्यांनी फ्रोबेलच्या बालशिक्षणपद्धतीचा अभ्यास केला, देशभर व्याख्याने दिली आणि १८८७ मध्ये ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक फिलाडेल्फियात प्रसिद्ध केले. त्याच्या विक्रीतून आणि व्याख्यानांतून संस्थेचा पाया घातला गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. ठिकठिकाणी रमाबाई मंडळे निघाली, आणि त्यांच्या सभासदांनी दहा वर्षे दरसाल वर्गणी देण्याचे वचन दिले. पुष्कळांची वर्गणी अगदी लहान होती. काही थोड्या धनिकांच्या मोठ्या देणग्यांपेक्षा अनेक सामान्य स्त्रियांच्या लहान रकमांवर ही योजना उभी होती, ही गोष्ट महत्त्वाची आहे. मंदिराच्या भांडारात दोन नाणी टाकणाऱ्या विधवेची ख्रिस्ती आठवण देणाऱ्यांच्या मनात असणे स्वाभाविक होते. आणि घेणाऱ्याही विधवाच होत्या.

असोसिएशनचे अध्यक्षपद एडवर्ड एव्हरेट हेल या युनिटेरियन धर्मोपदेशकाकडे होते, तर पदाधिकाऱ्यांत वेगवेगळ्या पंथांची माणसे होती. संस्था कोणत्याही पंथाची नसावी आणि तीत धर्मशिक्षण देऊ नये, ही अट या मिश्र रचनेतूनही आली आणि उच्चवर्णीय हिंदू विधवांना संस्थेत येता यावे या व्यवहारी गरजेतूनही आली. रमाबाईंनी ती मान्य केली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदासदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले. मुलींना आपापले आचार पाळण्याची, सोवळ्याने स्वयंपाक करण्याची मुभा होती. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे प्रतिष्ठित गृहस्थ सल्लागार मंडळात होते. बॉस्टनला दरसाल अहवाल आणि जमाखर्च प्रसिद्ध होत असे.

‘केसरी’ने या सदनाकडे संशयाने पाहिले होते. १८९३ मध्ये प्रकरण निकराला आले. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करीत आणि खोलीचे दार उघडे ठेवीत. काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसत. रमाबाई त्यांना बोलावीत नसत, आणि हाकलूनही देत नसत. सल्लागार मंडळाच्या मते हा तटस्थतेचा भंग होता. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये रानडे, भांडारकर आदींनी राजीनामे दिले आणि वीस-पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेले. बॉस्टनहून ज्युडिथ अँड्र्यूज या पदाधिकारी बाई चौकशीसाठी आल्या, आणि असोसिएशनने रमाबाईंवरील विश्वास कायम ठेवला.

कारभारीपणाच्या दृष्टीने हा प्रसंग सोपा नाही. रमाबाईंनी अटीचे अक्षर पाळले होते. वर्गात बायबल शिकविले जात नव्हते. परंतु निराधार मुलीला जिने छप्पर, अन्न आणि माया दिली तिच्या खोलीचे उघडे दार हे रस्त्यावरच्या कोणत्याही उघड्या दारासारखे नसते. मायेचे वजन पडतेच. पालकांची तक्रार केवळ द्वेषातून आलेली नव्हती, आणि रानड्यांसारख्या मित्राने हात काढून घेतला तो सनातन्यांच्या भयाने, असेही म्हणता येत नाही. उलट बाजूने, स्वतःच्या खोलीत स्वतःच्या देवाची प्रार्थना दार लावून करावी, अशी अपेक्षा कोणत्या हिंदू गृहस्थाश्रमात केली गेली असती? रमाबाईंना एकाच वेळी अनेकांना जाब द्यावयाचा होता. वर्गणीदार, सल्लागार, पालक, आश्रयाला आलेल्या मुली आणि अखेर देव, हे सारे एकाच हिशेबाची मागणी करीत नव्हते. त्यांनी अखेरच्याला अग्रक्रम दिला. त्याची किंमत शारदासदनाने महाराष्ट्रातील सुधारकांचा आधार गमावून चुकविली.

त्या वर्षी आणखी एक घटना घडली. शारदासदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांचा विवाह ११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. ज्या हिंदू समाजाने शारदासदनाकडे पाठ फिरविली त्यालाच या सदनाच्या कामाचे फळ अशा वळणाने मिळाले.

५

बॉस्टनचे वचन दहा वर्षांचे होते. ती मुदत संपल्यावर काय, याचा विचार रमाबाईंनी आधीपासून केला होता. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या रेल्वेवर केडगाव येथे त्यांनी सुमारे शंभर एकर जमीन घेतली. फळझाडे लावावी, विहिरी खोदाव्या आणि उत्पन्नातून सदनाचा खर्च भागवावा, असा बेत होता. गंगामूळच्या आश्रमाची जमीन आतिथ्यात गेली होती. केडगावची जमीन आतिथ्य चालू राहावे यासाठी घेतलेली होती.

बाग धरण्याच्या आतच १८९६ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातील बातम्या वाचून रमाबाई बेचैन झाल्या. हाती पैसा नव्हता, सदनातील मुलींचीच जबाबदारी मोठी होती, आणि असोसिएशनचा निधी उच्चवर्णीय विधवांसाठी होता. दुष्काळपीडितांत सर्व जातींच्या मुली असणार हे उघड होते. व्यवहार पाहता न जाणेच शहाणपणाचे ठरले असते. परंतु वीस-बावीस वर्षांपूर्वी त्या स्वतः अशाच एका मुलीच्या जागी होत्या. त्या निघाल्या. सरकारी धर्मशाळांतून आणि रस्त्यांवरून भटकणाऱ्या तरुण मुलींना हेरणारे दलाल त्यांनी पाहिले, आणि तेथील हकिकत इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केली. सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी बरोबर आणल्या.

पुण्यात त्या वेळी प्लेगचे निर्बंध होते; एवढी माणसे शहरात ठेवता येईनात. तेव्हा केडगावच्या उघड्या माळावर तंबू आणि तात्पुरत्या झोपड्या उभारल्या गेल्या. मुक्तिसदनाचा आरंभ असा झाला. प्लेगच्या रुग्णालयात आपल्या आश्रयाखालील एका मुलीच्या बाबतीत झालेल्या गैरप्रकाराबद्दल रमाबाईंनी १८९७ मध्ये वृत्तपत्रातून सरकारवर जाहीर टीका केली, आणि ती थेट ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत पोहोचली. हवाली केलेल्या माणसांचा हिशेब द्रव्याच्या हिशेबाहून कडक असतो, असे त्या मानीत.

१८९८ मध्ये दहा वर्षांची मुदत संपली. रमाबाई अमेरिकेला गेल्या. जुनी असोसिएशन विसर्जित होऊन तिच्या जागी अमेरिकन रमाबाई असोसिएशन उभी राहिली, आणि मालमत्ता रमाबाईंच्या स्वाधीन करण्यात आली. शारदासदन आता उघडपणे ख्रिस्ती संस्थेचा भाग होऊ शकत होते. देणाऱ्यांनीच घेणारीला मोकळे केले. या मोकळिकीबरोबर तटस्थतेची अट गेली, तशीच खात्रीच्या वर्गणीची हमीही गेली.

यानंतरच्या काळात रमाबाईंपुढे आदर्श होता तो ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचा. म्युलरने कोणाकडे याचना न करता, केवळ प्रार्थनेवर भिस्त ठेवून हजारो अनाथ मुलांचे पालन केले होते. त्याचे आणि हडसन टेलर यांचे चरित्र वाचून, हिंदुस्थानात असे का होऊ नये, असा विचार रमाबाईंच्या मनात आला. मुक्तिसदनाला ठराविक वेतन देणारी मिशनसंस्था नव्हती. जे येईल ते देवाचे, आणि ज्या दिवशी येईल त्या दिवशी त्या दिवसाच्या गरजेसाठी, अशी वृत्ती होती. या वृत्तीचे अतिशयोक्त वर्णन करण्याचा मोह टाळला पाहिजे. रमाबाई याचना करीत नसल्या तरी लिहीत होत्या, प्रवास करीत होत्या, आणि त्यांचे नाव दोन खंडांत गाजलेले होते. मुक्तीची वृत्तपत्रिका वाचणारे वाचकच पुष्कळदा देणगीदार होत. प्रार्थना आणि लेखणी ही दोन्ही साधने एकाच वेळी चालू होती, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल.

६

१८९९–१९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर मुक्तीतील माणसांची संख्या एकोणीसशेच्या आसपास गेली. एवढ्या मोठ्या समूहाचे पोट भरणे हा प्रश्न होताच. त्यांना कायमचे आश्रित होऊ न देणे हा त्याहून अवघड प्रश्न होता. या ठिकाणी रमाबाईंच्या कारभारीपणाचे सर्वांत मौलिक अंग दिसते. शेती, गाईगुरे, हातमाग, तेलाचा घाणा, शिवण, बांधकाम, छापखाना, असे उद्योग सुरू झाले आणि ते स्त्रियांनीच चालविले. शाळा होती, शिक्षिका तयार करण्याचे वर्ग होते. समाजाने भ्रष्ट ठरविलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले. अंध स्त्रियांना ब्रेल लिपी शिकविण्याची सोय झाली. त्या वाचू लागल्या आणि इतरांना शिकवू लागल्या.

यामागे बालपणीचा तो अनुभव उभा आहे. अनंतशास्त्र्यांच्या कुटुंबाला विद्या होती, पण हाताला काम नव्हते. कष्ट करणे हीन मानल्यामुळे उपासमार ओढवली. केडगावी ब्राह्मण विधवा आणि दुष्काळातून आलेली कुणबी वा अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीची मुलगी यांनी एकाच पंगतीला बसावे आणि एकाच मागावर विणावे, अशी व्यवस्था होती. घेणारीला देण्याची पात्रता आली म्हणजेच देणे पूर्ण झाले, अशी रमाबाईंची धारणा त्यांच्या सर्व योजनांतून व्यक्त होते. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून मुली आणण्यासाठी ज्या स्त्रिया गेल्या त्यांत पूर्वी स्वतः आश्रयाला आलेल्या होत्या, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. मुक्तीतील शिस्त कडक होती, निर्णय बहुतांशी एका व्यक्तीच्या हाती एकवटलेले होते, आणि तेथे आलेल्या मुलींच्या भवितव्याची दिशा ख्रिस्ती जीवनाचीच असे. शारदासदनाच्या काळातील खुलेपणा त्यात उरला नव्हता. दुष्काळातून वाचविलेल्या मुलीला धर्माची निवड किती मोकळेपणाने करता आली असेल, हा प्रश्न १८९३ मध्ये उपस्थित झाला होता. केडगावी तो अधिकच तीव्र होतो. रमाबाईंच्या जीवनाचे मूल्यमापन करताना तो टाळता येत नाही.

७

आयुष्याच्या अखेरच्या पर्वात रमाबाईंनी बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. प्रचलित भाषांतराची भाषा अल्पशिक्षित स्त्रियांना कठीण जाते, आणि त्यातील अनेक संस्कृत संज्ञांना हिंदू तत्त्वज्ञानाचे अर्थ चिकटलेले आहेत, असे त्यांचे मत होते. त्यासाठी त्यांनी प्रौढ वयात हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला. त्यांनी योजलेली मराठी साधी आहे; कित्येकदा तिला रुक्षपणाचा दोषही लागतो. रूढ शब्द टाळण्याच्या अट्टहासामुळे काही ठिकाणी वाक्य अवघडून जाते. वाङ्मयगुणांच्या दृष्टीने हे भाषांतर मराठीत सर्वमान्य झाले नाही.

तथापि या भाषांतराकडे दुसऱ्या एका दृष्टीने पाहता येते. संस्कृत ही रमाबाईंची एकमेव वडिलार्जित मालमत्ता होती. याच संपत्तीच्या बळावर कलकत्त्याने त्यांना पदव्या दिल्या, वाँटेजने आश्रय दिला आणि अमेरिकेने कान दिला. अशा विदुषीने आपल्या शेवटच्या आणि सर्वांत मोठ्या ग्रंथात त्या संपत्तीचे प्रदर्शन कटाक्षाने टाळले, आणि घाण्यावर काम करणाऱ्या बाईला वाचता येईल अशी मराठी लिहिण्यासाठी तिचा विनियोग केला. हवाली केलेली ठेव जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराला येशूच्या दृष्टांतात दोष दिलेला आहे. रमाबाईंनी ती पुरली नाही. बाजारात मांडून मानमरातबही मिळविला नाही. त्यांनी ती अशा वाचकांसाठी खर्च केली की ज्यांना या विद्येचे मोल ठरविता येणार नव्हते.

१९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले. आपल्यामागे मनोरमा संस्थेचा भार उचलील अशी त्यांची योजना होती, परंतु जुलै १९२१ मध्ये मनोरमेचे निधन झाले. वडील, आई, बहीण, भाऊ, पती आणि आता एकुलती कन्या, अशी सारी नाती त्यांच्या देखत संपली. संस्था रक्ताच्या वारसाकडे जाण्याचा मार्ग उरला नाही. ती सहकाऱ्यांच्या हाती सोपवावी लागली. कारभारी बदलतो, धनी तोच राहतो, या तत्त्वाची एवढी कठोर परीक्षा त्यांनी स्वतःहून मागितली नसती. भाषांतराचे काम हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांनी देह ठेवला.

संपूर्ण बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे जुळविणे, छपाई, पाने दुमडणे आणि बांधणी ही कामे तेथील स्त्रियांनी केली. त्यांच्यापैकी अनेकींना मुक्तीत आल्यावरच अक्षरओळख झाली होती. केडगावची संस्था आजही चालू आहे. १८७४ च्या दुष्काळात अनंतशास्त्र्यांच्या घरातील अखेरचे भांडे विकले गेले तेव्हा त्या कुटुंबाजवळ जे शिल्लक राहिले होते ते मुलीला शिकविलेले अक्षर एवढेच होते. पन्नास वर्षांनंतर त्याचा हिशेब या ग्रंथाच्या पानांवर, आणि ती पाने बांधणाऱ्या हातांत, पाहावयास मिळतो.